काटोलचे जावईबापू

पुणे,
२२ डिसेंबर २०२५

श्रीमती प्रेमिला मारोतराव उमाठे यांस नमस्कार.

आपली ओळख नाही. मी प्रमोदिनी आगटे. टीव्हीवर पूर्वी ‘सौ. माहेरी’ लागायची, त्यातले भाऊराव म्हणजे विश्वनाथ आगटे, त्यांची मी पत्नी. ते ऑक्टोबरात गेले. पेपरांनी फोटो छापले होते, त्यामुळे तुम्हालाही कळलं असणारच.

तुमचा पत्ता संत्र्यांच्या पेटीवर मिळाला. ही पेटी आमच्याकडे वर्षानुवर्षं डिसेंबरात येते, नागपूरहून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. वर चिठ्ठी ठरलेली: ‘जावईबापूंस, काटोलकरांकडून.’ पहिल्यांदा आली तेव्हा कुणा चाहत्याची गंमत म्हणून मी सोडून दिलं. कारण मालिकेतल्या भाऊरावांची बायको सदानकदा काटोलला माहेरी गेलेली. शेवटपर्यंत ती बाई पडद्यावर दिसली नाही. भाऊराव दोन कप चहा करायचे, समोरच्या रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारायचे आणि दोन्ही कप स्वतःच पिऊन टाकायचे. भाग संपताना काटोलहून काहीतरी यायचं, कधी संत्री, कधी लोणचं, कधी नुसताच दम दिलेला निरोप, आणि ते टोपी मागे सारून म्हणायचे, ‘काटोल बोललं!’ घरोघर हसू फुटायचं. अशा माणसाला कुणी काटोलची संत्री पाठवली तर त्यात नवल नव्हतं.

पेटी आली की ते म्हणायचे, ‘सासुरवाडीची आली गं,’ आणि त्यातलं सगळ्यात चांगलं फळ सोलून माझ्या ताटलीत ठेवायचे. कोण पाठवतं, असं विचारलं की हसायचे. नवरा विनोदी नट असला की त्याचं हसणं तपासत बसायला बायकोला सवड नसते, म्हणून मीही पुढे विचारलं नाही.

यंदा ते नाहीत, तरी पेटी आली. आणि संत्र्यांच्या खाली साडी निघाली. कोरी, सुती, राखाडी, हिरव्या काठाची. सोबतच्या चिठ्ठीवर ‘दुखवटा’ एवढंच लिहिलेलं.

प्रेमिलाबाई, दुखवट्याची साडी चाहते पाठवत नाहीत. ती नातलग देतात. म्हणून सरळ विचारते. काटोलला माझ्या नवऱ्याचं खरंच कुणी होतं का? तुम्ही त्यांच्या कोण? गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता. पेटीवर तुमचा फोन नंबर आहे. दोनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. असले प्रश्न तोंडाने विचारवत नाहीत.

मी सत्तरी ओलांडली आहे. खरं असेल ते मला पचेल, गुळमुळीत उत्तर पचायचं नाही. साडी घडी न मोडता कपाटात ठेवली आहे. नेसायची की परत पाठवायची, हे तुमचं उत्तर आल्यावर ठरवीन.

प्रमोदिनी आगटे


नंदनवन, नागपूर,
२ जानेवारी २०२६

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी इतकी हसले की शेजारची वैभवी पोळ्या टाकून धावत आली. मग तुमच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं आणि हसू पळालं. नवरा जाऊन दोन महिने होत नाहीत तोच संत्र्यांखालून सवत निघाली, असं तुम्हाला वाटलं. माझ्या डोक्यात हे आलंच नाही. पेटी भरताना माझं डोकं कुठे चरायला गेलं होतं कोण जाणे. माफ करा.

तर आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काटोलला त्यांचं घर नव्हतं, बायको नव्हती, लेकरू नव्हतं. मी त्यांना आयुष्यात एकदाच भेटले. तेही माझ्या बाबांसोबत आणि भर बाजारात.

माझं लग्न सावनेरला झालं होतं. दीड वर्षात नवऱ्याने मला काटोलला आणून सोडलं आणि दिवाळीला न्यायला येतो म्हणाला. दिवाळ्या येत गेल्या, तो आला नाही. आई आधीच गेलेली, घरात मी आणि बाबा. त्यात तुमची ती मालिका सुरू झाली आणि आमच्या गावाचं नशीब फळफळलं! टीव्हीवर काटोलचं नाव! सगळं गाव खुश, आणि माझ्या पायाखाली विस्तू. मी नळावर गेले की बाया म्हणत, ‘आली वं सौ. माहेरी!’ पोरं मागून ‘काटोल बोललं’ म्हणून ओरडत. माझ्या पाठीमागे दुसरा शब्द होता. टाकलेली. तो माझ्यासमोर कुणी बोलत नसे, पण मला बरोबर ऐकू येई.

एका डिसेंबरात बाबांसोबत मी इथे नागपूरच्या इतवारी बाजारात आले होते. बाबांनी एका ओळखीच्या व्यापाऱ्यासाठी आमच्या बगीच्यातल्या संत्र्यांची टोपली आणली होती. भांडे ओळीत, म्हणजे भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत, ही गर्दी! नव्या दुकानाची फीत कापायला भाऊराव आलेले. त्यांना पाहिलं आणि माझं टाळकं फिरलं. टोपली डोक्यावर, तशीच लोकांना ढकलत पुढे गेले आणि ओरडले, “काहून हो भाऊराव, बायकोले काहून नाई नेत तुम्ही? कवापासून माहेरी बसून राहिली थे!”

लोक हसले. त्यांना वाटलं, बाई मालिकेतली गंमत करते आहे. भाऊरावही हसायला लागले, आणि मग माझ्याकडे नीट बघून थांबले. ते एकटेच थांबले, ताई. हातातली कात्री दुकानदाराला दिली, मला आणि बाबांना आत नेलं आणि पितळी घागरींच्या मध्ये स्टुलावर बसवून चहा मागवला. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. निघताना बाबांनी ती टोपली त्यांना दिली आणि म्हणाले, “आमच्या गावची लेक तुमच्या घरी दिली हाय, साऱ्या दुनियेले मालूम हाय थे. म्हणजे तुम्ही आमचे जावई. संत्रं आता दरसाल पोचवीन.”

बाबांनी शब्द पाळला. ते गेल्यावर मी पाळते आहे. राहिली साडी. जावई गेला तर लेकीला माहेरची साडी जायला पाहिजे की नाही? भाऊरावांची बायको काटोलची, आणि भाऊरावांची खरी बायको तुम्ही. म्हणून ती साडी तुमच्यासाठी, तुमच्या माहेरून. मला वाटलं, भाऊजींनी तुम्हाला हे सारं सांगितलं असेल.

तुमची,
प्रेमिला


पुणे,
२० जानेवारी २०२६

प्रेमिलाबाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. मुलगी नूपुर शेजारच्या इमारतीत राहते, तिनं डबा आणून दिला आणि काय झालं म्हणून विचारत राहिली. तिला काय सांगणार, मलाच अजून नीट उमगलेलं नाही.

त्यांनी मला सांगितलं होतं. मी ते ऐकलं नाही.

मालिका जोरात चालली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही कुठेही गेलो की लोक मला बघून म्हणायचे, ‘अरे, वहिनी खरंच आहेत होय? आम्हाला वाटलं माहेरी असतील!’ मी शेजारी उभी असायची आणि ते त्या लोकांबरोबर हसायचे. एकदा मोठा सत्कार होता. मी दुसऱ्या रांगेत, नवी साडी नेसून, नूपुरला मांडीवर घेऊन बसलेली. आयोजकांनी माइकवर विचारलं, ‘वहिनी आल्या आहेत का?’ हे म्हणाले, ‘छे, आमची सौ. माहेरी!’ सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. मी उठले, नूपुरला घेतलं आणि त्याच साडीत मिरजेची गाडी पकडली. मिरज माझं माहेर. म्हटलं, एवढं सगळ्यांच्या मनात आहे तर जातेच.

तीन-चार महिने मी तिथे होते. त्यांची पत्रं आली, ती मी परत पाठवली. आणि डिसेंबरात एक दिवस ते दारात उभे. केस विस्कटलेले, हातात संत्र्यांची टोपली, अर्धी संत्री प्रवासात चेपलेली. बाकी काही न बोलता म्हणाले, ‘नागपूरला एका बाईनं मला विचारलं, बायकोला का नेत नाही.’

मला वाटलं, हा त्यांच्या पुढच्या भागातला डायलॉग आहे. संत्र्यांसकट! माझ्या दारात येऊनही हा माणूस भाऊरावच! मी दार लावून घेतलं. इतकी वर्षं मी तो त्यांचा सगळ्यात वाईट विनोद म्हणून मनात धरून होते. भांडण झालं की काढायची. ती बाई खरी होती, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तरी मी मानलं नसतं म्हणा.

सवत नाही म्हणून जीव भांड्यात पडला, हे कबूल करते. पण त्याजागी दुसरा घोर लागला. ते मिरजेला माझ्यासाठी आले होते, की भर बाजारात एका बाईनं लाज काढली म्हणून आले? टाळीवर आणि लोकांच्या बोलण्यावर जगणारा माणूस होता तो. घागरींमध्ये बसून आणखी काय बोलणं झालं ते मला लिहा. माझ्या मनाला लागेल म्हणून वगळू नका.

प्रमोदिनी


नागपूर,
२९ जानेवारी २०२६

ताई,

एक गोष्ट मी खरंच वगळली होती. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आपण का काढावी, म्हणून. आता तुम्हीच विचारलं तर सांगते.

मी सगळं बोलून संपवलं तेव्हा त्यांचा चहा तसाच होता. म्हणाले, “बाई, माझी सौ. खरीच माहेरी गेली आहे. माझ्याच एका वाक्यानं गेली. आता कॅमेऱ्यापुढे रिकाम्या खुर्चीशी बोलताना मला अभिनय करावा लागत नाही.”

मी म्हटलं, “मग जा नं, न्या तिले! इथं फिती कापत काहून फिरून राहिले?”

“ती येणार नाही,” ते म्हणाले.

तेव्हा बाबा बोलले. बाबा तसे कमी बोलत. “नाई येऊ दे. तुम्ही दारात जाऊन बसा. सासऱ्याच्या दारात बसायले जावयानं लाज नाई धरू. माही पोरगी कवाची वाट पाहून राहिली, कोनी येऊन दारात बसन म्हणून.”

हे ऐकून ते उठले. त्या रात्री नागपुरात त्यांचा मोठा कार्यक्रम होता, तिकिटं संपलेली. दुकानाच्या फोनवरून त्यांनी आयोजकांना सांगितलं, येत नाही. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की आम्हाला घागरींपर्यंत ऐकू आलं. मागच्या दाराने रिक्षा बोलावली आणि टोपली मांडीवर घेऊन मिरजेवरून जाणाऱ्या कोल्हापूरच्या गाडीला गेले. फीत दुकानदाराच्या वडिलांनी कापली. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या पेपरात त्यांना काय काय शिव्या दिल्या होत्या, बापा! लोकांसाठी जाणारा माणूस लोकांना असा तोंडावर पाडून जातो का? तुम्हीच सांगा.

आणि ताई, तो भाग तुम्ही पाहिला नाही का? महिनाभराने लागला होता. आमच्याकडे टीव्ही नव्हता, मी शेजाऱ्यांच्या अंगणात सगळ्यांच्या मागे उभी होते. भाऊराव चहा करतात, दोन कप. मालिकेतला तो आगाऊ शेजारी येतो आणि विचारतो, ‘भाऊराव, आता बायको टाकली असंच म्हणायचं ना?’ दरवेळी ते काहीतरी फिरकी घेत. त्या दिवशी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, ‘टाकली? ती तिच्या गावी आहे, तिच्या माणसांत आहे. या खोलीत एकटा कोण बसलाय? मी. मग टाकलेला कोण? मी. तिला तसं म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर मला म्हणा.’ आणि दुसरा कप त्याच्यापुढे सरकवला. त्या भागात काटोलहून काही आलंच नाही.

अंगणात कुणी हसलं नाही. एकेक करून सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या काकूंनी पुढे सतरंजीवर जागा केली आणि म्हणाल्या, “उभी काहून वं? बस नं इथं.” इतकंच. पण त्या दिवसानंतर तो शब्द माझ्या मागे आला नाही. उलट सावनेरच्या बस स्टँडवर पोरं माझ्या नवऱ्याला ‘टाकलेला’ म्हणून चिडवू लागली, असं ऐकलं. खोटं कशाला सांगू, ऐकून फार बरं वाटलं.

मग मी बाबांसोबत मंडीत जाऊ लागले. बोली लावायला शिकले, हळूहळू नागपुरात माझा माल घेणारे ठरले, हे घर झालं. लोक मला बगीचेवाली म्हणतात. तुमच्या नवऱ्याने मला मान वर करून चालायला जागा दिली. त्याबद्दल संत्री म्हणजे काहीच नाही, ताई.

प्रेमिला


पुणे,
२४ फेब्रुवारी २०२६

प्रिय प्रेमिला,

उत्तराला उशीर झाला. मध्ये नूपुरनं तो भाग शोधायचा ध्यास घेतला होता. ओळखीपाळखी काढल्या, टीव्हीच्या कचेरीत चकरा मारल्या. त्या काळी जुन्या टेपवर नवे कार्यक्रम भरायचे, आमची मालिका बरीचशी तशीच पुसली गेली. तो भाग आता फक्त तुला आठवतो तेवढा उरला आहे. म्हणून नूपुरनं तुझं पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. ते चष्मा पुसतात तिथवर आले आणि पुढे वाचवेना, मग तिनं वाचलं.

नाही, मी तो भाग पाहिला नव्हता. मिरजेला शेजारी टीव्ही होता, पण त्यांचं तोंड बघायचं नाही म्हणून मी जात नसे. आई जायची. तिला जावयाचा माझ्याहून जास्त राग. पहिल्या वेळी आले तेव्हा तिनं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. पुढे फेब्रुवारीत ते पुन्हा आले आणि पायरीवर बसले. सकाळपासून ऊन कलेपर्यंत बसले. तुझ्या बाबांनी सांगितलं होतं तसं, हे मला आत्ता कळतंय. दुपारी आईनं चहा ठेवला, स्वतः पायरीवर नेऊन दिला आणि आत येऊन मला म्हणाली, ‘माणूस नाटकी आहे, पण खोटा नाही. बघ बाई तुझं तू.’ आईला एकाएकी काय झालं, याचं मला कायम कोडं होतं, ते तुझ्या पत्रातल्या त्या भागानं सुटलं. मी विचारलं तर म्हणायची, तुला काय करायचंय.

मी गेले त्यांच्याबरोबर. पुढे ते देवमाणूस वगैरे झाले नाहीत. विसराळूपणा तोच, गावभर मित्र तेच. पण त्यानंतर कुठल्याही सभेत माइक हातात आला की आधी म्हणायचे, ‘प्रमोदिनी, जरा उभी राहा.’ मी उभी राहायची, लोक टाळ्या वाजवायचे, मग भाषण. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कितीदा म्हटलं, बंद करा हे. शेवटच्या सत्कारातही व्हीलचेअरवरून तेच म्हणाले. मला वाटायचं, ही त्यांची नवीन लकब आहे. एका वाक्याची भरपाई ते इतकी वर्षं करत होते आणि मी त्यांना ओरडत होते.

तुझ्या बाबांचे आणि तुझे उपकार कोणत्या तोंडाने मानू, ते कळत नाही. माझा संसार इतवारीत, घागरींच्या मध्ये, दोन अनोळखी माणसांनी परत जोडून दिला. मी त्या माणसांना साधा चहासुद्धा विचारला नाही. दरसाल त्यांची संत्री मात्र खात राहिले.

साडी नेसले. सणाला नेसावी म्हटलं होतं, पण पाडव्यापर्यंत थांबवेना. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पाठोपाठ भाऊ गेला, मिरजेचं घर विकलं. ते गेले तेव्हा दुखवटा घेऊन माहेरून यायला माझं कुणी उरलं नव्हतं. आल्या-गेल्यांनी फुलं आणली, हार आणले, मंत्र्यांचे निरोप आले. साडी एकच आली, आणि ती मी परत पाठवणार होते.

एक विचारू? मला ते दुकान बघायचं आहे. काटोलही बघायचं आहे, नवऱ्याची इतकी गाजलेली सासुरवाडी मी अजून पाहिलेली नाही. मी आले तर तुला अडचण होईल का? हॉटेलात उतरेन. मार्च चालेल का ते कळव.

तुझी,
प्रमोदिनी


नागपूर,
३ मार्च २०२६

ताई,

हॉटेलात उतरेन असं पुन्हा लिहाल तर मी पत्र लिहिणं बंद करीन. माहेरी येणारी बाई हॉटेलात उतरते का? वैभवीला दाखवलं तुमचं ते वाक्य, ती म्हणे, पुण्याचे लोक असंच लिहितात, मनावर नको घेऊ.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच या. पुढे ऊन तापेल, आणि नागपूरचं ऊन पाहुणा बघत नाही. आत्ता मृगाच्या बहराची संत्री झाडावर आहेत. तुम्ही स्वतःच्या हाताने तोडून खा. मी स्टेशनवर येते. मला ओळखायला काही त्रास नाही, सगळ्यात मोठ्याने जी बाई हाक मारेल ती मी. नूपुरलाही आणा. तिची आजोळची सुट्टी राहूनच गेली आहे.

इतवारीतलं दुकान आहे अजून. आता स्टील विकतात, घागरी दोन-चारच, शोभेला. मालकाचा मुलगा आहे, त्याला सांगून ठेवलं आहे की जावईबापूंच्या घरची मंडळी येत आहे. तो म्हणाला, “मावशी, फीत आणून ठेवू का? थे एक कापायची राहिली नं त्यायची.” मी त्याला हो म्हणून टाकलं. तुम्ही कापाल ना?

आता शेवटचं. हे वाचून तुम्ही नाही म्हणाल, म्हणून आधीच सांगते, ऐकणार नाही. निघताना मी तुमची ओटी भरणार आहे. आता कशी भरायची, लोक काय म्हणतील, हे मला सांगू नका. नवऱ्याने सोडल्यावर माझीही कुणी भरत नव्हतं. बाया हळदीकुंकवाला माझ्या दारावरून पुढच्या घरी जायच्या. पहिल्या दिवाळीला मी तोंड लपवून बसले तर बाबा बगीच्यातून आले, माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “पदर कर.” मी म्हटलं, “बाबा, हे बायांचं काम. अन् माही कोन भरते आता?” तर म्हणाले, “ओटी नवऱ्याची नसते वं. लेकीची असते.” आणि धोतरात आणलेली संत्री माझ्या पदरात ओतली. दर दिवाळीला ओतली, हात थरथरायला लागले तोपर्यंत.

तेव्हा साडी चांगल्या लांब पदराची नेसून या. आमच्याकडे मोजून घालत नाहीत.

तुमची बहीण,
प्रेमिला